पिवळा जास्त वाईट की लाल? नकाशे आणि आलेखांमधल्या रंगांविषयी

पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हवामान विभागाचे दोन नकाशे फिरत असतात. पहिला इशाऱ्यांचा. हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. 'रायगडला रेड अलर्ट' म्हटलं की शाळेला सुट्टी मिळणार का, इथपर्यंत सगळ्यांना आपोआप कळतं.

दुसरा नकाशा मोसमात आतापर्यंत सरासरीच्या तुलनेत किती पाऊस झाला ते सांगतो. देशाचे ३६ हवामान उपविभाग त्यात रंगवलेले असतात. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे आपले चार. सरासरीहून ६० टक्के किंवा अधिक जादा पाऊस असेल तर गडद निळा, २० ते ५९ टक्के जादा असेल तर फिकट निळा, १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त या पट्ट्यात हिरवा. इथवर ठीक. पण २० ते ५९ टक्के तूट असेल तर लाल, ६० ते ९९ टक्के तूट असेल तर पिवळा, आणि पाऊस अजिबात झालाच नसेल तर पांढरा.

पुन्हा वाचा. या नकाशात पिवळा हा लालपेक्षा वाईट आहे, आणि पांढरा सगळ्यांत वाईट. २०१५ च्या मोसमात मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पाऊस झाला. या रंगसूचीप्रमाणे त्याच्या वाट्याला लाल येतो. परिस्थिती आणखी बिघडून तूट ६० टक्क्यांवर गेली असती, तर मराठवाडा पिवळा झाला असता आणि सकाळी घाईत मोबाइल बघणाऱ्याला वाटलं असतं, चला, जरा सुधारलं. एकाच खात्याचे दोन नकाशे, एकाच दिवशी, एकाच रंगाला उलट अर्थ देणारे. रोज हेच काम करणाऱ्या हवामानतज्ज्ञाला याचा त्रास होत नसेल, त्याची नजर सरावलेली असते. पण आता हा नकाशा त्याच्या टेबलावर राहिलेला नाही, तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणि टीव्हीच्या पडद्यावर आलाय.

इथे डोळा का फसतो, ते समजलं की आलेखातल्या रंगांचं निम्मं शास्त्र हाती येतं.

शाळेत आपण सगळ्यांनी 'तानापिहिनिपाजा' घोकलेलं आहे. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. घोकावं लागलं, यातच सगळं आलं. इंद्रधनुष्याचा क्रम प्रकाशाच्या तरंगलांबीचा आहे, तो भौतिकशास्त्राला माहीत आहे. आपल्या डोळ्याला 'हिरव्यानंतर निळा' असं काही वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलापुढे लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या चकत्या ठेवून 'क्रमाने लाव' म्हणा, ते तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मग एकाच निळ्या रंगाच्या पाच छटा ठेवा. फिकटपासून गडदपर्यंत ते काही न विचारता लावून मोकळं होईल. डोळ्याला क्रम कळतो तो उजळपणाचा. निळा की हिरवा यावरून त्याला 'वेगळं' एवढंच कळतं, 'जास्त' किंवा 'कमी' कळत नाही.

त्यात हे रंग मुळात सारखे उजळही नसतात. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही दिवे पूर्ण ताकदीने लावले की पांढरा दिसतो. त्या पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा एकत्र, म्हणून तो ९३ टक्क्यांवर जातो, पांढऱ्याच्या अगदी शेजारी. आता मघाच्या नकाशातली तुटीची बाजू या नजरेने बघा. लाल गडद, पिवळा उजळ, पांढरा त्याहून उजळ. दुष्काळ जितका तीव्र, तितका नकाशा फिका. डोळ्याला कळतं ते नेमकं उलटं.

हाच गोंधळ विज्ञानाच्या जगात कित्येक वर्षं चालला. मॅटलॅब हे अभियंत्यांचं लाडकं सॉफ्टवेअर. त्यात २०१४ पर्यंत आकड्यांना रंग द्यायचे तर आपोआप 'जेट' नावाची रंगमाला लागायची: गडद निळ्यापासून आकाशी, पिवळा असं करत गडद लालपर्यंत. तिच्यात मधला पिवळा आणि आकाशी पट्टा झळकतो आणि दोन्ही टोकं काळवंडतात. परिणाम असा, की मधल्या मामुली आकड्यांवर नजर खिळते आणि आकडे सावकाश बदलत असले तरी पिवळ्याच्या कडेला जणू बांध घातलाय असं दिसतं. तो बांध आकड्यांत नसतो. पायथॉन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या साधनातही हीच रंगमाला होती. नॅथॅनियल स्मिथ आणि स्टेफान व्हान डर वॉल्ट यांनी २०१५ मध्ये तिला पर्याय म्हणून 'व्हिरिडिस' तयार केली: गडद जांभळ्यापासून निळसर हिरव्यावाटे पिवळ्यापर्यंत, प्रत्येक पायरीला उजळपणा सारख्याच मापाने वाढत जाणारी. २०१७ च्या आवृत्तीपासून तीच आपोआप लागते.

हा निव्वळ दिसण्याचा वाद आहे असं कुणाला वाटत असेल तर हार्वर्डमधला प्रयोग बघावा. मिशेल बॉर्किन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं वैद्यकशास्त्र शिकणाऱ्यांपुढे ठेवली आणि धोक्याच्या जागा ओळखायला सांगितलं. त्रिमितीतल्या, इंद्रधनुष्यी रंगांच्या चित्रात त्यांना ३९ टक्के जागा सापडल्या. रक्तवाहिनी सपाट उलगडून दाखवली आणि इंद्रधनुष्याऐवजी काळ्याकडून लालकडे जाणारी साधी रंगमाला वापरली, तेव्हा हा आकडा ९१ वर गेला. सगळं श्रेय रंगाचं नाही, मांडणीही बदलली होती. पण चित्राची मांडणी तीच ठेवून नुसते रंग बदलले तरी फरक पडत होता.

मग रंग निवडायचे कसे? आधी आकड्यांना विचारायचं, तुम्ही कोणत्या जातीचे. 'आज किती मिलिमीटर पाऊस पडला' हा आकडा शून्यापासून वर जातो, एकाच दिशेने. त्याला एकच रंग पुरतो, जवळजवळ पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत. 'सरासरीपेक्षा किती कमी-जास्त' या आकड्याला मात्र मधे एक घर आहे आणि तो दोन दिशांना पळतो. आणि 'कोणता जिल्हा', 'कोणता पक्ष', 'कोणतं पीक' ही नुसती नावं आहेत. त्यांच्यात वर-खाली काही नाही. मराठवाड्याचा नकाशा दुसऱ्या जातीचा, म्हणून त्याला दोन रंग लागतात: शून्याजवळ फिकट, आणि दोन्ही बाजूंना लांब जावं तसे गडद होत जाणारे.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी अशा रंगमाला तयार करून 'कलरब्रूअर' या साधनातून सगळ्यांना फुकट देऊन टाकल्या. त्यातली तपकिरी ते निळसर हिरवी ही मला पावसाच्या तफावतीसाठी सगळ्यांत पटते. कोरडी माती तपकिरी, पाणी निळसर. कुणाला सूची वाचायला लावायची फारशी गरज उरत नाही. साधारण तूट फिकट तपकिरी, मोठी तूट गडद तपकिरी. पाऊसच नाही तर जवळजवळ काळपट तपकिरी.

खरी मेख मधल्या फिकट रंगात आहे. तो नेमका शून्यावर बसला पाहिजे, आणि सॉफ्टवेअर तो आपोआप तिथे बसवत नाही. एक्सेलचंच घ्या. ऑफिसात सगळे करतात तसं आकड्यांची रांग निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमधली तीन रंगांची कलर स्केल लावा. एक्सेल मधला रंग देतं तो ५० व्या पर्सेंटाइलला, म्हणजे रांगेतल्या मधल्या आकड्याला. समजा आठ जिल्ह्यांची तफावत उणे ४५ पासून अधिक ५ पर्यंत आहे आणि मधला आकडा उणे २२ आहे. आता उणे २२ वाला जिल्हा 'ना बरा ना वाईट' रंगात दिसेल आणि उणे १० वाला चक्क हिरवा, खुशालीत. आठांपैकी सातांत तूट असताना तक्ता अर्धा आनंदी. दुरुस्ती मिनिटभराची आहे: मोअर रूल्समध्ये जाऊन मिडपॉइंटचा प्रकार 'नंबर' करायचा आणि किंमत ० टाकायची. दोन्ही टोकंही हाताने सारख्या अंतरावर ठेवायची, उणे ६० आणि अधिक ६० अशी. नाहीतर अधिक ५ टक्क्यांचा जिल्हा अतिवृष्टीसारखा गडद दिसेल.

आणि हे शून्य तरी कुणी ठरवलं? सरासरी म्हणजे कोणत्या वर्षांची सरासरी, हाही निर्णयच असतो. हवामान विभाग आधी १९६१ ते २०१० या काळाची सरासरी धरायचा. देशाच्या मोसमी पावसासाठी ती ८८ सेंटिमीटर होती. २०२२ पासून १९७१ ते २०२० धरतात आणि ती ८७ वर आली. फरक छोटा आहे, आणि काळ पुढे सरकला की सरासरी सुधारणं ही जगभरची रीत आहे. पण पाऊस तेवढाच पडूनही टक्का किंचित बरा दिसतो, हे रंग बघणाऱ्याला रंगातून कधीच कळत नाही.

पायऱ्यांचंही तसंच. उणे १९ टक्के हिरवा आणि उणे २० टक्के लाल. एका टक्क्याच्या अंतरावर दोन विरुद्ध रंग, आणि उणे २० नि उणे ५९ मात्र एकाच लालमध्ये. पायऱ्या कराव्याच लागतात. छत्तीस छटा डोळ्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत, पाच ते सात येतात. पण शेजारच्या पायऱ्यांचे रंगही शेजारचे असावेत. उणे १९ ला जवळजवळ पांढरा आणि उणे २० ला फिकट तपकिरी दिला, तर सीमेवरचा उपविभाग एका सरीने 'सुखरूप'चा 'संकटग्रस्त' होत नाही. ज्या उपविभागात उणे १८ टक्के आहे तिथल्या शेतकऱ्याला 'हिरवा आहात, सगळं ठीक' असं सांगणारा नकाशा मला तरी अप्रामाणिक वाटतो, मग त्यातला आकडा कितीही बरोबर असो.

आता नावांची जात. इथे रंगाचं काम फक्त ओळख पटवण्याचं, आणि सात-आठ नावांपलीकडे ते त्याला झेपत नाही. महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांच्या ग्राफिक विभागांची नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालाने यात चांगली परीक्षा घेतली. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, शिवाय भाजप आणि काँग्रेस. भगव्यावर तिघांचा हक्क. सहा पक्षांना सहा भडक रंग दिले की २८८ जागांचा नकाशा गोधडीसारखा दिसतो आणि कोण जिंकलं हा पहिला प्रश्नच हरवतो. वाचकाला आधी युती-आघाडी हवी असते, मग पक्ष. म्हणून महायुतीला एक रंगकुळ आणि महाविकास आघाडीला दुसरं, आणि कुळाच्या आत पक्षांच्या छटा. भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी ४१ हे एका कुळात आले की २३० चा ढीग एका नजरेत भरतो. पण छटा आल्या की क्रमही आला, हे विसरायचं नाही. गडद छटा ज्याला मिळेल तो मोठा भाऊ दिसणार. जागांच्या क्रमाने छटा दिल्या तर निदान त्या दिसण्याला आधार राहतो.

ओळींच्या आलेखात तर रंग कमी करणं हाच बहुतेक वेळा उपाय असतो. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा वर्षावर्षाचा पाऊस एका आलेखात काढा: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली, नांदेड. सॉफ्टवेअर आठ रंग देईल, बाजूला सूची देईल, आणि वाचक ओळीकडून सूचीकडे, सूचीकडून ओळीकडे मान हलवत बसेल. तुमची गोष्ट जर लातूरची असेल, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या लातूरची, तर सात ओळी राखाडी करा. लातूरची एकच गडद निळी, जराशी जाड, आणि 'लातूर' हे नाव ओळीच्या उजव्या टोकाला तिथेच, त्याच निळ्या रंगात लिहा. सूची काढून टाका. राखाडी ओळी फुकट जात नाहीत, त्या 'बाकीच्यांकडे काय झालं' हे मागून सांगत राहतात. माझ्या मते आलेख काढणाऱ्याला मिळालेला सगळ्यांत उपयोगी रंग राखाडी आहे आणि सगळ्यांत कमी वापरला जाणाराही तोच.

रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यांसकट दिसतो. हे पहिल्यांदा नीट पकडलं ते एका रंगशाळेत. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लाँ विणकामशाळेत रंगकामाचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याविषयी तक्रारी यायच्या, की निळ्या-जांभळ्या धाग्यांजवळ विणला की तो फिका पडतो. शेव्हरलने रंग तपासला, त्यात खोट नव्हती. शेजारचा रंग डोळ्याला फसवत होता. नकाशात हेच रोज होतं. चारी बाजूंनी गडद जिल्ह्यांनी वेढलेला एखादा मध्यम जिल्हा फिका दिसतो, तोच फिकट जिल्ह्यांत गडद वाटतो, आणि सूचीतल्या चौकोनाशी त्याचा मेळ लागत नाही. जिल्ह्यांमध्ये बारीक पांढऱ्या सीमारेषा ठेवा, पायऱ्या कमी करा, आणि जागा असेल तर आकडाच आत लिहून टाका.

मग उरतात ते वाचक, ज्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत, किंवा जेमतेम दिसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत अर्धा टक्का. आपल्याकडे ते त्याहून कमी असलं तरी नगण्य नाही. कारण जनुकीय आहे. लाल-हिरवा ओळखणाऱ्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून बिघाड झाला तर भरपाई करायला दुसरं नाही. अशा माणसाला हिरवा 'सरासरीइतका' आणि लाल 'तूट' हे सारख्याच मातकट छटेचे वाटू शकतात. निळा-नारंगी ही जोडी त्याला साफ दिसते, तपकिरी-निळसर हिरवीही चालते. लाल-हिरवा ठेवायचाच असेल तर एक भरपूर गडद आणि दुसरा भरपूर फिकट ठेवावा.

याची सोपी चाचणी म्हणजे आलेखाची काळी-पांढरी झेरॉक्स. मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटीत पडदा राखाडी करायची सोय असते, तीही चालेल. झेरॉक्समध्ये कमी-जास्त कळत असेल तर एका दिशेच्या आकड्यांची रंगमाला पास. दोन दिशांच्या रंगमालेची दोन्ही टोकं मात्र त्यात सारखीच गडद दिसतात. जिल्हा परिषदेच्या बैठकीत अहवाल अजूनही झेरॉक्स होऊनच वाटले जातात, त्यामुळे ही चाचणी काल्पनिक नाही.

रंगांचे ठरलेले अर्थही जपावे लागतात, पण ते जागेनुसार बदलतात. मुंबईच्या शेअर बाजाराच्या पडद्यावर लाल दिसला की भाव पडला. शांघायमध्ये लाल म्हणजे भाव चढला, कारण तिथे लाल शुभ. दोन्ही बाजारांची माहिती एका तक्त्यात देणाऱ्याने रंगावर विसंबण्यापेक्षा वर-खाली बाण काढलेले बरे.

शेवटचा मुद्दा मापाच्या टोकांचा. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या तापमानाच्या नकाशात रंगमाला ५० अंशांवर संपायची. त्याला कारणही होतं, कारण त्या देशात १९६० साली ऊडनाडाटा इथे नोंदलं गेलेलं ५०.७ अंश हाच उच्चांक होता. जानेवारी २०१३ च्या उष्णतेच्या लाटेत अंदाजाच्या नकाशावर ५० च्या वरचा पट्टा दिसू लागला आणि खात्याने गडद जांभळा व गुलाबी असे दोन रंग जोडून माप ५४ पर्यंत नेलं. त्यांनी खालचे रंग जसेच्या तसे ठेवले, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट. सगळी रंगमाला नव्या टोकापर्यंत ताणली असती, तर ४५ अंशांचा कालचा लाल आज नारंगी झाला असता आणि लाट येत असताना नकाशा थंड पडल्यासारखा वाटला असता. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते नेमकं हेच करतं: दर आठवड्याच्या नकाशात त्या आठवड्याचा सगळ्यांत मोठा आकडा गडद टोकाला बसवतं. म्हणून एका मोसमाचे नकाशे काढायला बसताना जूनच्या पहिल्या आठवड्यातच पायऱ्या ठरवून एका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि सप्टेंबरअखेर त्यांना हात लावू नये. जिथे नोंदच आली नाही त्या जिल्ह्याला या पायऱ्यांतला कुठलाच रंग न देता राखाडी तिरप्या रेघा माराव्यात.